उंदरांना विष घालून माकडताप थांबेल का?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपतं घेऊन देतो:

“डॉक्टर, आमची काजूची बाग रानाला लागून आहे. घरात सासू-सासरे, नवरा, मी आणि नववीतला मुलगा. दोन गाई, एक पाडी, एक कुत्रा, दोन मांजरं. गेल्या आठवड्यात बागेच्या वरच्या अंगाला एक वानर मेलेलं सापडलं. आशाताई येऊन सांगून गेल्या की माकडताप असू शकतो, जपून राहा. तेव्हापासून घरात रोज वाद. सासरे म्हणतात, हा रोग मुळात उंदीर पसरवतात, बागेत आणि रानाच्या कडेने सगळीकडे विष घालू. नवरा म्हणतो, गोचिडी गाईंच्या अंगावर येतात, गाईच विकून टाकू. मला तर उंदरांचा ताप म्हणजे लेप्टो एवढंच माहीत होतं. माझी बहीण गोव्यात सत्तरीत दिली आहे, तिच्याकडे डुकरं आहेत आणि उंदीरही भरपूर. तिच्या डुकरांना हा रोग होईल का? आमची मांजरं उंदीर खातात, त्यांचं काय? दूध प्यावं का? आणि मुलाला आजोबांबरोबर काजू वेचायला पाठवू की नको? रात्री झोप लागत नाही.”

ताई,

आधी त्या वानराचं बोलू, कारण बाकीचं दोन दिवस थांबेल, ते थांबणार नाही. ते अजून तिथेच पडलं असेल तर घरातल्या कोणीही हात लावू नका, काठीने ढकलू नका, पुरायलाही जाऊ नका. वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आजच कळवा. जनावर मेलं की त्याचं अंग थंड होतं आणि अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. त्यांना लगेच दुसरं कोणीतरी हवं असतं. म्हणून वानर जिथे मेलं ती जागा पुढचे काही आठवडे सगळ्या बागेत जास्त धोक्याची. वनखाते आणि पशुसंवर्धन खात्याचे लोक वानराचे नमुने घेतात, वानर जाळतात आणि भोवती गोचिडी मारायची भुकटी मारतात. हे झालं आहे का, ते विचारून घ्या. झालं असलं तरी त्या अंगाला सध्या कोणी जायचं नाही. कुत्राही नाही, तो बांधून ठेवा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांनी उंदराचं नाव घेतलं म्हणून घरात कोणी त्यांना हसलं असेल तर ते बरं नाही. उंदीर ह्या रोगाच्या साखळीत आहे आणि बराच आतल्या जागी आहे.

1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या रानात वानरं-माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिकडे धावली; तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. पहिली शंका पीतज्वराची होती, कारण दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत पीतज्वरानेही आधी माकडंच मरतात. पण हाती लागला एक नवाच विषाणू. कूळ डेंग्यूचंच, मात्र पसरतो तो डासाऐवजी गोचिडीतून. त्याच्या रोगाला रानाच्या नावावरून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात, दवाखान्यात केएफडी; तोच आपला माकडताप. बरीच वर्षं तो शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतच होता. 2012 नंतर निलगिरीत, वायनाडमध्ये त्याची चिन्हं दिसली, 2015 मध्ये सत्तरीत माणसं आजारी पडली आणि 2016 च्या जानेवारीत तुमच्याच तालुक्यातल्या केर गावात. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या रानात वर्षानुवर्षं सापळे लावले आणि एकच प्रश्न धरून ठेवला: वानरं काही वर्षभर मरत नाहीत, मग मधल्या काळात हा विषाणू राहतो कुठे? त्यांना तो रानातल्या उंदरांत सापडला, चिचुंद्र्यांत सापडला, खारींत सापडला. ह्यांत पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर आहे, झाडावर चढणारा काळा उंदीरही आहे. चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी ती उंदीरवर्गातली नाही, पण ह्या कामात ती त्याच्या जोडीला आहे.

हे कसं चालतं ते गोचिडीच्या आयुष्यावरून समजतं. तिला जन्मात तीनच जेवणं लागतात, आणि प्रत्येक जेवण वेगळ्या जनावरावर. पाऊस सरला की अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात आणि पाचोळ्यात, गवताच्या पात्यांवर जमिनीलगत वाट बघत बसतात. त्या उंचीवरून कोण जातं? उंदीर, चिचुंद्री, खार, दाणे टिपणारे पक्षी, आणि खाली उतरलेलं वानर. पिल्लू चिकटतं, काही दिवस रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं. आता ती आठ पायांची, तिळाएवढी गोचीड. ती पुन्हा अशाच कुणावर तरी चढते, आणि ह्याच वयाची गोचीड माणसाला चावते. तिचा हंगाम नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूचा. नंतर ती मोठी होते आणि पावसाळ्यात गुरांवर, गव्यावर, सांबरावर जाते. तिथे पोट भरलं की मादी खाली उतरून हजारो अंडी घालते आणि मरते.

ह्यातली कळीची गोष्ट अशी की अंड्यातून निघालेली पिल्लं सहसा विषाणू घेऊन जन्मत नाहीत. विषाणू त्यांच्या पोटात जातो तो पहिल्या जेवणात. ज्या उंदरावर ती चढली त्याच्या रक्तात तो असेल तर पिल्लाला लागतो आणि मग जन्मभर जात नाही. कात टाकली तरी तो आत राहतो. तीच गोचीड पुढच्या वेळी दुसऱ्या उंदराला चावली की त्याला देते, वानराला चावली की वानराला, आणि तुमच्या मुलाच्या पोटरीला चावली तर त्याला. उंदीर स्वतः कोणाला चावत नाही, वानराच्या जवळही जात नाही. तरी त्याच्या रक्तातला विषाणू गोचिडीच्या पोटातून वानरापर्यंत पोचतो.

रानातला उंदीर ह्या विषाणूने सहसा आजारी दिसत नाही. खातो, पितो, पिल्लं घालतो. वानराचं तसं नाही. त्याच्या रक्तात विषाणू बेसुमार वाढतो, तेवढ्या काळात त्याच्यावर चढलेल्या सगळ्या पिल्लांना तो मिळतो, आणि मग वानर मरतं. गावागावांत लोक वानरांना ह्या तापाचे गुन्हेगार समजून हुसकतात, दगड मारतात. ते मला फार लागतं. ती बिचारी आपल्या आधी मरून आपल्याला सावध करतात. पळवलेली वानरं दुसऱ्या वाडीच्या रानात जातील आणि गोचिडी सोबत नेतील, एवढंच त्यातून साधेल.

मग उंदरांना विष घालावं का? रानाच्या कडेने आणि बागेत, नाही. मी हे ठामपणे सांगतो. रान तुमच्या बागेपाशी संपत नाही. आज शंभर उंदीर मेले तरी ती जागा पावसाआधी आजूबाजूचे उंदीर भरून काढतील. त्याहून वाईट म्हणजे, मेलेल्या उंदरावर गोचीड थांबत नाही. वानराबद्दल जे सांगितलं तेच उंदराचं. तुम्ही त्या गोचिडींचं जेवण काढून घेता आणि ऐन हंगामात त्यांना भुकेल्या पोटी पाचोळ्यात सोडता, जिथे तुम्हीच काजू वेचायला वाकणार आहात. आणि विष फक्त उंदीर खात नाही. झिंक फॉस्फाइडची गोळी कुत्र्याने चघळली तर त्याच्यासाठी उतारा नाही. रक्त पातळ करणारं विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस धडपडत फिरतो. त्याला मांजर खातं, घुबड खातं, मुंगूस, धामण खाते. म्हणजे जी जनावरं फुकटात उंदीर आवरतात तीच आपण मारतो. सरकारी दवाखान्यात असताना अशी विषबाधा झालेली कुत्री-मांजरं माझ्यासमोर आणली गेली. त्यांतली सगळी वाचवता आली नाहीत.

घरातल्या, कोठीतल्या, काजूबिया साठवल्या आहेत त्या खोलीतल्या उंदरांचा बंदोबस्त मात्र जरूर करा. सापळे लावा, भिंतींची भोकं बुजवा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. त्याने माकडताप थांबेल असं नाही, पण घरचा उंदीर आणखी बरंच काही आणतो. त्यात तुम्ही म्हणता तो लेप्टो आहेच.

लेप्टोबद्दल तुमचं बरोबर आहे, तो वेगळा. तो विषाणू नव्हे, जिवाणू. उंदराच्या मुतातून पाण्यात-चिखलात उतरतो आणि पायाच्या चिरेतून शिरतो; म्हणून लावणीच्या दिवसांत त्याचा जोर. त्यावर डॉक्सीसायक्लिन चालतं. माकडतापावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. पण दोन्हींची सुरुवात सारखीच, अचानक ताप आणि अंग मोडून निघणं. म्हणून घरच्या घरी “हा लेप्टोच” असं ठरवून गोळ्या घ्यायच्या नाहीत.

आता गाई. नवऱ्याला सांगा, विकू नका. विकून त्या दुसऱ्याच्या गोठ्यात जातील, रोग कुठे जाणार नाही. गाईला ही गोचीड चावते, पण गाईच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की पुढच्या गोचिडीला तो लागावा. म्हणजे गाय रोग देत नाही. मग तिचा संबंध काय? ती मोठ्या गोचिडीचं जेवण आहे. रानात चरणारं गुरांचं दांडगं खिल्लार म्हणजे पुढच्या वर्षीची लाखो अंडी. विषाणू उंदीर पुरवतो आणि गोचिडींची संख्या गुरं वाढवतात. तुमच्या हातात ह्यातला दुसरा भाग आहे आणि तो खरोखरच हातात आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पाठीच्या कण्यावरून ओतायचं फ्लुमेथ्रिनसारखं औषध मिळतं, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही असतं. कोणतं, किती आणि किती दिवसांनी, हे जनावराचं वजन बघून डॉक्टर ठरवतील. गाय दुधाची असेल किंवा गाभण असेल तर ते आवर्जून सांगा. काही औषधांनंतर ठरावीक दिवस दूध वापरता येत नाही. एक कळकळीची विनंती: काजूवर मारायचं फवारणीचं औषध गाईच्या अंगाला लावू नका. गावोगाव हे चालतं. त्याने गाई थरथरून पडतात, आणि चोळणाऱ्याच्या हातालाही ते भिनतं. औषधोपचार आत्ता सुरू करा आणि पावसाळ्यात चुकवू नका, कारण अंडी घालणारी गोचीड गुरांवर तेव्हाच असते. लोक नेमके तेव्हाच विसरतात, ताप थांबलेला असतो ना! सध्या गाईंना वरच्या अंगाला चरायला सोडू नका. दोन महिने वैरण विकत घ्यावी लागली तरी घ्या.

दुधाचं भय नको. गाईच्या दुधातून माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या.

तुमच्या बहिणीच्या डुकरांकडे वळतो. माकडतापाच्या दृष्टीने मला त्यांची काळजी वाटत नाही. पण “उंदीर खूप आहेत” हे तिचं वाक्य मी सोडून देणार नाही, कारण उंदराकडून दुसऱ्या जनावराला विषाणू लागण्याची दुसरीही एक वाट आहे आणि तिला गोचीड लागत नाही.

एन्सेफॅलोमायोकार्डायटिस नावाचा एक विषाणू आहे. नाव अवघड, काम सरळ: तो हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. तो सापडला 1945 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, अचानक मेलेल्या एका गिबन माकडात. 1958 मध्ये पनामात डुकरं त्याने मेली आणि तेव्हापासून जगभरच्या डुक्करपालकांना तो ठाऊक आहे. उंदीर हा विषाणू आतड्यांत बाळगतात आणि लेंड्यांतून बाहेर टाकतात. खाद्याच्या उघड्या पिंपात, पाण्याच्या टाकीत लेंड्या पडल्या की डुकराच्या पोटात गेल्याच. मेलेला उंदीर डुक्कर आख्खा खातं, तो तर सगळ्यात जवळचा रस्ता. मोठ्या डुकरांत पुष्कळदा काही दिसत नाही, मादी मात्र गाभडते किंवा मेलेली, सुकलेली पिल्लं टाकते. लहान पिल्लं सकाळी खेळत असतात आणि दुपारी मरून पडतात. पोस्टमॉर्टेम केलं की हृदयावर फिकट पांढुरके चट्टे दिसतात.

हा विषाणू काय करू शकतो ते दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात दिसलं. डिसेंबर 1993 ते नोव्हेंबर 1994 ह्या काळात तिथे 64 हत्ती मेले. मोकळ्या रानातले, धडधाकट हत्ती, त्यांत बहुतेक पूर्ण वाढलेले नर. शिकाऱ्याची गोळी नाही, विष नाही, अंगावर जखम नाही. हृदय बंद पडून गेले. त्याच सुमारास तिथे उंदरांची बेसुमार पैदास झालेली होती, त्या उंदरांत हाच विषाणू होता. हत्ती दिवसभर सोंडेने गवत उपटून खातो. उंदरांनी घाण केलेलं गवत, कधी त्यात मेलेला उंदीरसुद्धा, त्याच्या पोटात जातो. रोगाचा रस्ता तोच असावा असं मानलं जातं. टनांनी वजन मोजावं असं जनावर मुठीत मावणाऱ्या जनावराच्या लेंडीने मरतं, हे वाचलं तेव्हापासून खाद्याच्या पिंपाला झाकण आहे की नाही, हे मी कुठल्याही गोठ्यात आधी बघतो.

बहिणीला एवढं सांगा: खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात आणि पिंप उंचावर. रात्री उष्टं गव्हाणीत राहता कामा नये, उंदीर त्यासाठीच येतात. पाण्याची भांडी रोज पालथी घालून घासायची. मेलेला उंदीर दिसला की हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलायचा आणि डुकरांच्या आधी आपण उचलायचा. पिल्लं अचानक मरू लागली तर विकायची नाहीत, खायची नाहीत, ओढ्यात टाकायची नाहीत, पशुवैद्यकाला बोलवायचं. अचानक मरण्याला आफ्रिकन स्वाइन फीवरसारखी इतर कारणंही असतात, ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. तुमच्या पाडीचा भुसा आणि पेंडही ह्याच नियमाने ठेवा.

तिसरी वाट निव्वळ शेजाराची. 2003 मध्ये घानाहून सुमारे 800 लहान प्राणी पाळीव म्हणून अमेरिकेत विकायला आणले गेले. त्यांतल्या आफ्रिकी उंदरांत आणि झोपाळू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉर्माउसमध्ये एमपॉक्सचा, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या देवीसारख्या रोगाचा विषाणू होता. एका व्यापाऱ्याकडे ते प्रेअरी डॉग नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांजवळ ठेवले गेले. प्रेअरी डॉग आजारी पडले, लोकांनी ते घरी नेले, आणि सहा राज्यांत मिळून 47 माणसांना लागण झाल्याचं आढळलं. तुम्हाला ह्याचा थेट उपयोग नाही, पण मुलं हल्ली हॅमस्टर, पांढरे उंदीर मागतात. ते आणलेच तर रानातल्या किंवा घरातल्या उंदरांचा त्यांच्या पिंजऱ्याशी संबंध येऊ देऊ नये.

मांजरांचं थोडक्यात. माकडतापात मांजराचा मोठा वाटा असल्याचं दिसलेलं नाही. युरोपात रानउंदरांकडून मांजरांना काउपॉक्स हा देवीच्या कुळातला रोग होतो, पण तो तिकडचा. तुमच्या मांजरांना उंदरांपासून खरा धोका जंतांचा आणि सासऱ्यांच्या विषाचा. त्यांना जंताचं औषध वेळेवर द्या. कुत्र्याचं मात्र लक्ष ठेवून करा. तो रानात जातो, पाचोळ्यात लोळतो आणि संध्याकाळी तुमच्या खाटेखाली येऊन बसतो. त्याला गोचिडींचं औषध द्या आणि लेप्टोची लस दिली नसेल तर देऊन घ्या.

भाजावळीसाठी आणि गोठ्यात अंथरायला तुम्ही पातेरा गोळा करत असणारच. ह्या हंगामात रानातला पातेरा आणू नका. घराशेजारी ढीग असेल तर तो अंगणापासून लांब करा, आणि तो हलवणारा माणूस अंगभर कपड्यांत असावा. घराभोवतीचा पट्टा झाडून मोकळा ठेवा. कोणी बागेतला पाचोळा पेटवायचं म्हणेल, तर नको. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात आग काजूत शिरते, रानात जाते, आणि मग आवरत नाही.

सासऱ्यांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. “उंदराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, डॉक्टरांनीही तेच लिहिलंय” इथून सुरुवात करा. त्यांना घर आणि नातू वाचवायचा आहे. हातात काहीतरी काम हवं आहे. ते काम द्या. कोठीचे सापळे, पिंपांची झाकणं, भिंतींची भोकं, गाईंना दवाखान्यात नेणं, हे सगळं त्यांच्याकडे सोपवा. विषाची पाकिटं घरात आली असतील तर ती कुलपात ठेवून, वाद थंड झाल्यावर दुकानदाराला परत करा.

आता मुलगा. वरच्या अंगाला ह्या हंगामात त्याने जायचं नाही, आजोबांनीही नाही. तिथल्या बिया सडल्या तर सडू द्या. बाकी बागेत आरोग्य केंद्राने नाही म्हटलं नसेल तर जाता येईल, पण नियम पाळून. लांब बाह्या, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं, पायात बूट. फिकट रंगाचे कपडे, म्हणजे चढलेली गोचीड दिसते. उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावायचं. ते आरोग्य केंद्रात मिळतं, संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलेलं आहे. काही तासांनी ते पुन्हा लावावं लागतं. जमिनीवर बसून बोंडू सोलायचे नाहीत, बाजलं किंवा खुर्ची न्या. डबा खायला घरी या. आल्यावर कपडे दाराबाहेरच कढत पाण्यात टाकायचे, साबणाने आंघोळ करायची आणि एकमेकांचं अंग तपासायचं: काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, विडीचा चटका नको, बोटांत चिरडायचीही नाही. नंतर जागा साबणाने धुवायची.

लसीबद्दल शेजारी विचारतील. कर्नाटकात पूर्वी एक लस देत असत. तिचा गुण पुरेसा येत नाही असं दिसल्यावर ती बंद झाली आणि नव्या लसीवर काम चालू आहे. तोवर तेल, कपडे आणि आंघोळ हेच संरक्षण.

ताप आलाच तर? चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत येतो. अचानक, थंडी वाजून, डोकं आणि कंबर-पोटऱ्या प्रचंड दुखतात, उलट्या होतात, काहींच्या हिरड्यांतून-नाकातून रक्त येतं. फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन नको, त्याने रक्तस्राव वाढतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या आणि विचारायची वाट न बघता सांगा, “आमच्या बागेत वानर मेलं होतं, आम्ही काजू वेचतो.” ह्या एका वाक्यावरून रक्ताचा नमुना योग्य तपासणीला जातो. हा विषाणू मारणारं औषध नाही, पण वेळेत सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि चांगली शुश्रूषा मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरात तीन ते पाच दगावतात. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे आजारी माणसाला वेगळं टाकू नका, त्याच्याजवळ बसा. आणि ताप उतरला म्हणून लगेच कामाला लावू नका. दहा-वीस टक्के रुग्णांत तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तो परत उलटतो. तेव्हा डोकं खूप दुखणं, हात थरथरणं, नजर किंवा बोलणं बिघडणं असं काही दिसलं तर रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय गाठा.